पिनेवरचं बोट

प्रिय मेहुणेबुवा,

तुला आशीर्वाद द्यायचा की नमस्कार करायचा, हा घोळ लग्नाला सतरा वर्षं झाली तरी माझ्याच्याने सुटलेला नाही. तेव्हा दोन्हींतलं तुला जे जास्त उपयोगी पडेल ते घे. तुझी पाठ कशी आहे? गेल्या वेळी तू पट्टा लावून बसत होतास. आमच्याकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे तुझी ताई ठीक आहे, तुमचे अण्णा ठीक आहेत आणि माझ्या उजव्या तर्जनीची सूज उतरते आहे. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तू रविवारी सात मिनिटं फोन करतोस आणि त्यातली चार हवापाण्यात जातात. गोष्ट तीन मिनिटांत मावणारी नाही.

मागच्या मंगळवारी तुझी ताई शाळेच्या प्रशिक्षणाला तीन दिवसांसाठी गेली. मी रजा घेऊन अण्णांजवळ थांबलो. निघताना चप्पल घालता घालता तिने तीन गोष्टी बजावल्या : अण्णांच्या गोळ्या जेवणानंतर, गॅस बंद केल्यावर परत एकदा बंद करून बघायचा आणि तिच्या लॅपटॉपला हात लावायचा नाही. पहिल्या दोन मी तंतोतंत पाळल्या. (त्या लॅपटॉपला आता दहावं वर्ष आहे. त्याची डावी बिजागरी तुटली आहे, म्हणून पडद्यामागे जाडजूड शब्दकोश टेकवावा लागतो. बॅटरी केव्हाच गेली, त्यामुळे वायर निघाली की यंत्र मेलं. ‘ळ’ उमटत नाही. तुझी ताई ‘बाल’ लिहिते आणि मुलं समजून घेतात.) मला ऑफिसचं एक पान टाइप करायचं होतं, एकच पान. बुधवारी सकाळी मी तो उघडला. तिसऱ्या ओळीला आतला पंखा कण्हायला लागला, पाचव्या ओळीला करपल्यासारखा वास आला आणि सहावी ओळ मी अजून लिहिलेली नाही. पडदा काळा झाला. पुन्हा चालू केला तर तीन शिट्ट्या वाजल्या, आणि पडदा काळाच.

माझा धंदा तुला माहीत आहे. मिक्सर, पंप, इस्त्री यांच्या खोक्यात जी पुस्तिका येते, तिच्यातलं शेवटचं ‘अडचण आणि उपाय’ नावाचं पान गेली वीस वर्षं मी लिहितो. ‘यंत्र सुरू होत नाही : वीज आहे का ते पाहा.’ ते वाक्य माझं आहे. बुधवारी सकाळी मी वीज आहे का ते पाहिलं. वीज होती. पुढचं वाक्य ‘अधिकृत केंद्राशी संपर्क साधा’ असं आहे, तेही माझंच, आणि ते वाचून लोकांना काय वाटत असेल हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

आता यात एवढं घाबरण्यासारखं काय, असं तू म्हणशील. त्या लॅपटॉपमध्ये अण्णांचा आवाज आहे. चौदा महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला, उजवा हात आणि बोलणं गेलं, तेव्हापासून तुझी ताई दर आठवड्याला त्यांच्याकडून बोलण्याचा सराव करून घेते आणि तो रेकॉर्ड करते. अशा साठ फायली. पहिल्या कित्येक फायलींत नुसता श्वास आहे. मग एक ‘पा’ आहे. मग बऱ्याच दिवसांनी ‘पाणी’. बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी त्या सगळ्या शुक्रवारी ऐकायला मागितल्या होत्या, कारण पुढे व्यायाम चालू ठेवण्यात अर्थ आहे की नाही हे त्यांना ठरवायचं होतं. आणि तुझी ताई गुरुवारी चारला परतणार होती.

मी लॅपटॉप पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात पळालो. तिथल्या बाईंनी तो कानाशी हलवून बघितला (आतून काहीतरी खुळखुळलं), म्हणाल्या आठ दिवस लागतील, आणि माझ्यापुढे एक कागद सरकवला. आतली माहिती गेल्यास दुकान जबाबदार नाही, इथे सही करा. मी पेन उचललं आणि ठेवून दिलं. घरी येऊन लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि खिडकीशी बसलेल्या अण्णांना काय झालं ते सगळं खरं खरं सांगून टाकलं. दुसरं होतं कोण सांगायला?

अण्णांकडे तेव्हा एकूण सहा शब्द होते : हो, नको, पाणी, ठेव, बस आणि बातम्या बघताना वापरायचा एक, जो मी पत्रात लिहू शकत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग डाव्या हाताने कपाटाकडे बोट केलं. तिथे त्यांची घड्याळाची हत्यारं होती, चौदा महिने न उघडलेली. मी पेटी आणली. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि म्हणाले, ठेव.

मेहुणेबुवा, चाळीस वर्षं घड्याळं उघडलेल्या माणसाच्या हाताखाली काम करणं म्हणजे काय असतं हे तू लहानपणी भोगलं आहेस. मी स्क्रू काढायचा, त्यांनी तो चिमट्याने कागदावर मांडायचा, लॅपटॉपवर जिथे होता त्याच जागी. तेरा स्क्रू. माझा हात घाईला आला की ‘बस’. झाकण निघालं तेव्हा पंख्याभोवती धुळीचा नमदा साचलेला, चांगला बोटभर जाड. तो काढला. मेमरीची पट्टी त्यांनी माझ्याकडून उपसून घेतली आणि तिचे पितळी दात खोडरबराने घासायला लावले. एवढ्यात फोन वाजला. तुझी ताई. काय चाललंय, म्हणाली. मी म्हटलं, काही नाही. (माझ्या मांडीवर तिच्या लॅपटॉपचा तळ होता.) तिने अण्णांना फोन द्यायला सांगितला, सराव म्हणून काहीतरी बोला म्हणाली. अण्णा फोनकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाले, ‘ठेव!’ तिने ठेवला. त्या दिवशी तिने पुन्हा फोन केला नाही.

झाकण लावून चालू केला. शिट्ट्या गेल्या, पंखा फिरला, पडदा मात्र काळाच. मी डोकं धरून बसलो. अण्णांनी त्यांचा छोटा टॉर्च पडद्यावर तिरका मारला, आणि विहिरीच्या तळाशी दिसावं तसं पुसट काहीतरी दिसलं. अक्षरं होती! यंत्र जिवंत होतं, फक्त पडद्यामागचा दिवा मेला होता. गुरुवारी दुपारी शेजाऱ्यांकडून वायर आणून मी तो टीव्हीला जोडला, आणि सगळ्या साठ फायली पेनड्राइव्हवर उतरवायला लावल्या. तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. टीव्हीवर लिहून आलं, एक तास पन्नास मिनिटं. म्हणजे बरोबर चार.

आठव्या फायलीला हार्ड डिस्क टकटक करायला लागली. अण्णांनी टेबलावर कान टेकला आणि डोळे मिटले. टकटक तापल्यामुळे होती, मी टेबलफॅन आणून लावला, ती मंदावली. चौदाव्या फायलीला चार्जरची पिन सैल असल्याचं उघडकीस आलं : बोटाने वर दाबून धरली तरच वीज, बोट हललं की अंधार. बॅटरी नाही हे तुला वर सांगितलंच आहे. मी बोट लावलं. मान वाकडी, एक गुडघा जमिनीवर, पुढचा दीड तास. नाकाला खाज आली ती तशीच परत गेली. तिसाव्या फायलीला बोट बधिर झालं, चाळिसाव्याला ते माझं आहे असं वाटेना. अण्णा समोर बसून आकडा बघत होते. त्र्याहत्तर वर्षांचा तो माणूस आपला स्वतःचा आवाज एका यंत्रातून दुसऱ्यात थेंब थेंब जाताना बघत होता, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होतो.

सत्तावन्न. अठ्ठावन्न. आणि दाराची बेल वाजली. सतरा वर्षांची सवय, बेल वाजली की मी उठतो. मी उठायला लागलो.

‘अरे गाढवा, बोट काढू नकोस!’

घरात आम्ही दोघंच होतो आणि ते मी म्हटलेलं नव्हतं. मी थिजलो, बोटासकट. अण्णासुद्धा थिजले. मग दारात किल्ली फिरली, तुझी ताई आत आली, तिच्या खांद्यावरून बॅग घसरून खाली पडली आणि तिने ती उचलली नाही. तिने ते बाहेर ऐकलं होतं. लॅपटॉप उघडा, टीव्हीला वायर, नवरा जमिनीवर, यातलं तिला काहीही दिसलं नाही. ती अण्णांच्या खुर्चीपाशी बसली आणि म्हणाली, अण्णा, परत म्हणा ना. अण्णांनी जरा विचार केला.

‘नको,’ म्हणाले.

ती हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. साठावी फाईल उतरली तेव्हा चार वाजून दोन मिनिटं झाली होती. मी बोट काढलं. कोणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पाठीला जप.

तुझा,
दाजी (अण्णांच्या शब्दांत : वर पाहा)

ता. क. चहा पिताना तुझी ताई सहज बोलून गेली, की त्या सगळ्या फायली ती दर आठवड्याला व्यायामवाल्या बाईंना फोनवरून पाठवतच होती, बाईंकडे त्या नीट ठेवलेल्या आहेत. शुक्रवारी सगळ्यांनी एकत्र बसून ऐकायच्या होत्या, इतकंच. लॅपटॉपला हात लावू नका म्हणाली ते परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांसाठी. मला हे सगळं माहीत आहे असं तिला वाटत होतं. सांगितलं तेव्हा मी ‘हं’ म्हणालो होतो म्हणे.

आणखी एक ता. क. अण्णांचं घड्याळांचं दुकान विकायचे कागद तू मागच्या महिन्यात माझ्याकडे पाठवलेस, त्यांची सही घ्यायला. ते मी त्यांना अजून दाखवलेले नाहीत, आणि खरं तर हे पत्र त्याबद्दलच आहे. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. चौदा महिने बंद शटर बघून मलाही तसंच वाटत होतं. पण शुक्रवारी सकाळी अण्णा दाढी करून, बूट घालून दारात उभे राहिले आणि म्हणाले, ‘किल्ली.’ आम्ही गेलो. ते त्यांच्या स्टुलावर बसले, काउंटरवरून बोट फिरवून धूळ मला दाखवली आणि ‘पूस’ म्हणाले. मी पुसत असताना समोरच्या चष्मेवाल्याने डोकावून विचारलं, उघडलं का हो? अण्णांना वेळ लागला, तोही थांबला. मग म्हणाले, ‘उद्यापासून.’ कागद सोबत परत पाठवतो आहे, सहीची जागा कोरी. तुला राग येईल. तर ये आणि इथे रागाव. स्टूल दुसरंही आहे, मी पुसून ठेवलं आहे.