पोटात उघडणारा गूळ

३ फेब्रुवारी
वड्या फसल्या! लोहाच्या कणांवर मेणासारखं कवच दिलं होतं. लोहाची चव तोंडात कळू नये, कण पोटात गेल्यावरच सुटावेत, म्हणून. उकळत्या गुळात कवचच वितळलं. तरी एक वडी घरी आणली. सासूबाईंनी (आम्ही सगळे त्यांना आत्या म्हणतो) जिभेवर ठेवली नि लगेच काढली.
"अवंतिका, विळा चाटल्यागत लागतंय की."
माझा नवरा ऋतुराज हसून लोळला. मीपण.

४ फेब्रुवारी
हसले खरी, पण आत्यांचं रक्त फार कमी आहे. लोहाच्या गोळीनं त्यांना मळमळतं, म्हणून घेतच नाहीत. पन्हाळ्याला बहिणीकडं जाणं बंद केलंय. दोन पायऱ्या चढल्या की धाप. ही वडी जमायलाच हवी.

१९ फेब्रुवारी
नवं कवच! पाण्यात टिकतं, लाळेत टिकतं, फक्त आम्लात विरघळतं. आमच्या प्रयोगशाळेच्या विजयसिंह सरांनी गूळ जरा निवल्यावरच कण घालायला लावले. मग दोन ग्लास मांडले. साध्या पाण्यात कण तसेच पडून. पोटात असतं तेवढ्या आम्लात टाकले, तर बघता बघता पाणी पिवळं! प्रयोगशाळेत मी चक्क नाचले. सर खिडकीबाहेर बघत राहिले — बिचारे.

२० फेब्रुवारी
आत्या म्हणाल्या, ह्यात कायबी न्हाय, नुसता गूळ हाय.
याहून मोठी पदवी नको मला.

१० मार्च
माणसांवर चाचणी घ्यायची परवानगी आली. रक्त कमी असलेल्या बायका रोज जेवणानंतर एक वडी खाणार. आत्यांनी आपणहून नाव दिलं. त्यांच्या डॉक्टरांचीही हरकत नाही. दुसरं काही औषध चालू आहे का, असं विचारलं तर ठणकावून म्हणाल्या, न्हाय.

१४ जून
निकाल. सगळ्यांचं रक्त वाढलं! सरांनी पेढे आणले. मग आत्यांचा आकडा पाहिला. जिथं होता तिथंच. पेढा परत डब्यात ठेवला. आत्याच माझी समजूत घालत होत्या — तुझी वडी चांगली हाय, माझंच रक्त आडमुठं.

१६ जून
डोक्यातून जाईना. आज पुन्हा विचारलं, दिवसभरात तोंडात काय काय जातं? चहा, भाकरी, असं सांगत सांगत आत्यांनी बटव्यातनं ॲसिडिटीच्या गोळ्यांचं पाकीट काढलं. कैक वर्षं, रोज सकाळी, अनशापोटी!
"हे काय औषध हाय व्हय?"
त्या गोळीनं दिवसभर पोटात आम्लच नाही, तर कवच उघडणार कसं! लगेच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी गोळीचं नाव विचारलं. मग म्हणाले, "अहो, मग आम्लाशिवाय जेवणातलं लोहही त्यांच्या अंगी लागत नसणार. त्यांचं रक्त कमी का, हे आपण इतकी वर्षं शोधतोय — ते बहुतेक तुमच्या न उघडलेल्या कणानं सांगितलं."