डोळे मिचकावा

तिरुपूर, ता. ५ जून २०२५
ती. नंदिनीताईले धाकट्या राजदीपचा जय भीम.
पत्र भेटलं. इथी गिरणीत फोन जमा करून घेतेत, म्हनून पोस्टच बरं. दवाखान्यातल्या टेलिफोन ऑपरेटरच्या जागेसाठी सरकारी वेबसाइट मानूस खरा हाय का पाहाले तुले कॅमेऱ्यापुढं डोळे मिचकावाले लावते, आन् तुहे डोळे तं तू दोन वर्षाची असतानीच ऑपरेशनात काढले. जागा अंधाची, परीक्षा डोळ्याची. हासून हासून पोट दुखलं. रुसू नको. आपली लहानी बहीन दिव्यानी डिट्टो तुह्यासारखी दिसते. तिले बसव, मिचकाव म्हन. मशीनले काय समजते? मीबी इथी दुसऱ्याचं हजेरीकार्ड लावतो.
लोभ हाय तसाच ठेवजो.
राजदीप

कोरपना, ता. १८ जून
चि. राजदीप, अनेक आशीर्वाद.
फोनला सांगून हे लिहिते आहे, नेटवाला छापून देईल. तहसीलला दोनदा गेले. बाबू म्हणाला, बाई, जरा कोशिश करा, पापणी तर हाय ना. बाकीचे हसले. मग तुझंच ऐकलं. दिव्यानीनं मिचकावलं, अर्ज गेला. ऑपरेटरच्या कोर्समध्ये मी पहिली आहे, जागा मिळेलच.
तब्येत जप.
नंदिनी

कोरपना, ता. २२ जुलै
चि. राजदीप, आशीर्वाद.
जिल्ह्याला कागद तपासले. साहेब म्हणाले, फोटोतल्या बाईला दिसते, म्हणजे तुम्ही नकली अंध. मी चष्मा काढून दाखवला. म्हणाले, घाला तो, आम्ही ऑनलाइन आहे तेच धरतो. नाव कापलं. अपंगत्वाचं प्रमाणपत्रही काढून घेणार. दिव्यानीवर तोतयेगिरीचा गुन्हा लावू म्हणतात, तिचं नर्सिंगचं अ‍ॅडमिशन तोंडावर आहे. ५ ऑगस्टला सुनावणी. तू ये, आणि युक्ती तुझी होती एवढं सांग.
वाट पाहते.
नंदिनी

तिरुपूर, ता. २९ जुलै
ताईले जय भीम.
मले येता येत नाई. मले सुपरवायझर करून राह्यले, पोलिसाचं लफडं समजलं तं हाकलतीन. माहं नाव घेऊ नको. दिव्यानीनं आपल्या मनानं केलं म्हनजो. सतरा वर्षाची पोरगी, रागावून सोडून देतीन. तुहं काय बिघडलं, तू तशीबी घरीच बसून होती. हे दिव्यानीले समजू देऊ नको.
माया कमी करू नको.
राजदीप

कोरपना, ता. ४ ऑगस्ट
राजदीपदादा, जय भीम.
हातानं लिहिलेलं ताईचा फोन वाचत नाही. तुझं पत्र मीच वाचून दाखवलं. माझ्या नावापाशी थांबले, तर ताई म्हणाली, पुढं वाच. शेवटपर्यंत वाचलं. ताई म्हणते तुझं नाव घ्यायचं नाही. उद्या मी घेणार आहे. पत्र सोबत नेते.
लोभ असावा, हे ताईनं सांगितलं म्हणून लिहिलं.
दिव्यानी