टाकीत काठी घालून बघायची

बाळ्या,

तुझ्या ताईच्या लग्नाच्या वर्षी पिकअपचा डिझेलचा काटा अर्ध्यावर अडकला, तो अजून तिथेच आहे. टाकीत काठी घालून बघायची, हे किती वेळा सांगू? पुन्हा काट्यावर विसंबून टाकी कोरडी केलीस. पाइपात हवा शिरली आणि गाडी नुसती घरघरते आहे. शेवटी मी बसने दवाखान्यात निघाले.

कॅनमधलं डिझेल ओतलंय. फिल्टरवरचा स्क्रू सैल कर, माझ्या बोटांनी तो हलला नाही. बुडबुडे थांबेपर्यंत तिथलाच छोटा हातपंप दाब, स्क्रू घट्ट कर, मगच सेल मार. सारखा मारून बॅटरी उतरवू नकोस. मामाला घरी आणायला गाडी लागणारच आहे, मामी तिथे एकटी खोळंबली आहे.

तुझा मामा आज पहाटे गेला.

आई