शेजारणीचे दोन मासे

पुसान

प्रिय आई,

तुझ्या अनसुकचा पलंगावरूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे, फक्त डॉक्टर खाली उतरू देत नाहीत. माझं गर्भाशय जन्मापासून अर्धंच आहे. मागचं बाळ टिकलं नाही. याला जागा पुरेल तितके दिवस आत धरून ठेवायचं. तू काळजी करू नकोस, त्यासाठी इथे नर्स आहेत.

शेजारच्या खाटेवर बोरा नावाची पोरगी आहे. तिला गर्भाशयं दोन, आणि दोन्हींत एकेक बाळ! माझी उरलेली अर्धी जागा कुठे गेली, ते आता कळलं.

बाळ येणार की घरातल्या कुणाला तरी त्याचं स्वप्न पडायलाच हवं ना, तसं तिच्या सासूला पडलंयही, दोन सोनेरी माशांचं. काल मला विचारते, "तुमच्याकडे कुणाला काय दिसलं हो?"

मी म्हटलं, "आमच्याकडे सगळ्यांना गाढ झोप लागते."

बोरा हळूच म्हणाली, "ताई, माझ्या दोनांतला एक मासा घ्या ना." मी भिंतीकडे तोंड केलं. उसना मासा कशाला?

बाबांचा गुडघा कसा आहे? कोबीची किमची मुरत घातलीस का?

वहिनीच्या बाळाच्या वेळी तुला स्वप्नात चक्क वाघ दिसला होता. माझ्यासाठीही जरा झोप ना, आई. वाघ नको, एखादी हिरवी मिरची दिसली तरी चालेल. जागा तेवढीच आहे.

वाट बघणारी,
अनसुक