गावाची यादी तिसऱ्या ढिगात

प्रिय माधवभाऊ,

तुमाले जाऊन बावीस दिवस झाले. शुद्ध लिहाले बसली तर हात थांबते, म्हणून आपण ऑफिसात बोलत होतो तसंच लिहून राह्यली. उद्या साहेब वर कागद पाठवतात. त्यात आहे, हिवतापाच्या नोंदीचा कम्प्युटरचा प्रोग्राम लांबला कारण माधवभाऊनं माप चुकवलं, अन् टोल्यावर, त्या रानातल्या वस्त्यांवर, ते आपल्या मनानं गेले, कामानं नाई. धडधडीत खोटं आहे भाऊ! अन् मी बैठकीत मान खाली घालून बसली.

माप तर तुमीच मले शिकवलं. कम्प्युटरच्या थंड खोलीबाहेर चपला काढता काढता म्हणाले, "बाई, प्रोग्राम केवढा ते काट्यावर नाई समजत. त्यातल्या याद्यांचे तीन ढीग कर." पहिल्यात रोग्यांची नोंद, रोज बदलणारी. दुसऱ्यात कोणत्या वयाले किती गोळ्या, तो नियम. तिसऱ्यात नुसत्या खुणा, एक म्हणजे बाई, दोन म्हणजे माणूस. खुणा कोणी बदलत नाई, म्हणून तिसरा ढीग मापात धराचा नाई. अन् जेवढं माप, तेवढेच दिवस कामाले मिळतात.

गावाची यादी मी तिसऱ्या ढिगात टाकली. एक नंबर, पुढं एक नाव, बस! मी पडली ब्रह्मपुरीची. आमच्याकडं गाव जिथल्या तिथं राह्यते, ते काय उठून चालते?

तुमी तिथं पेन्सिलनं प्रश्नचिन्ह केलं. "काऊन वो बाई, एटापल्लीकडचे टोले तर उठून दुसरीकडं जातात. नवं नाव कोण टाकन? आरोग्यसेवकच ना? मंग हे खूण कशी? हे तर रोजच्या कामाची यादी झाली."

"भाऊ, तुमचं आपलं काहीतरीच! साहेब दारात उभे आहेत," मी म्हटलं, अन् तुमचं चिन्ह खोडरबरनं पुसून टाकलं. तुमी हसले अन् सही केली. काऊन केली वो? एक डाव तरी मले रागवाचं होतं!

माप लहान निघालं. टोले तपासाले एक दिवस नाई मिळाला. मंग रक्ततपासणीच्या चिठ्ठ्या आल्या, अन् यादीत टोल्याचं नाव नाई म्हणून मशीन त्या घेईच ना! तुमी नावं गोळा कराले दोन रविवार चिखल तुडवत टोले फिरले. तिसऱ्या रविवारी तापानं फणफणले. तोच हिवताप, भाऊ! डोक्यात चढला अन् चार दिवसांत सारं संपलं.

परवा वहिनी तुमचा डबा न्यायले आली. म्हणे, "सुट्टीच्या दिवशी कायले गेले वो हे?" मी डबा तिच्या हाती दिला. काय सांगू तिले? कोणत्या तोंडानं सांगू? जेवण गोड लागत नाई, झोप येत नाई, तुमच्या खुर्चीकडं पाहवत नाई.

त्या मापाचा कच्चा कागद माझ्याजवळ आहे. अक्षर माझं. उजेडात धरला की पुसलेलं चिन्ह अजून दिसते.

उद्या सकाळी वहिनीले संगं घेऊन तो साहेबाच्या टेबलावर ठेवते. गावाची यादी पहिल्या ढिगात लिहीन, अन् चूक कोणाची, तिथं माझं नाव टाकीन. नोकरी गेली त जाऊ द्या.

अन् एक. तुमच्या खिशातल्या वहीत सहा टोल्यांची नावं आहेत. सातचा आकडा घातला, पुढं जागा कोरी. त्या टोल्यावर मी जाईन भाऊ, अन् नाव विचारून येईन.

तुमच्या समोरच्या टेबलावरची,
शोभा