धोंडूचा चौथा ठोका

प्रिय वेदिका,

पत्र बघून घाबरू नकोस. घरी सगळे बरे आहेत. आजी कालच माझ्यावर दोनदा ओरडली, म्हणजे तिचीही तब्येत उत्तम. फोनच केला असता, पण शेजारचा धोंडू माझ्याबरोबरच आंब्याच्या पेट्या ठोकतो आणि त्याचे कान अजून तिखट आहेत. म्हणून हे पत्र पेटीत पेंढ्यावर ठेवून तिकडे यायला निघालेल्या दीपकबरोबर पाठवतो. दीपक वेंधळा आहे, पेटी गाडीत विसरला नाही म्हणजे मिळवली. आंबे दाबून बघू नकोस, डाग पडतात.

शिमग्याला आलीस तेव्हा आम्हा दोघांच्या ठोकण्याचा आवाज तू मोबाइलमध्ये घेतलास आणि पडवीत बसून त्याची काटछाट मला दाखवलीस. ठोक्याआधी रिकामी जागा राहिली तर ताल मागे पडतो, फार जवळ कापले तर ठोक्याचे तोंडच तुटते. मी चौथी नापास, पण हे लगेच कळले. फळी कापतानाही करवत रेघेच्या जरा बाहेरूनच चालवावी लागते.

परवा त्या ठोक्यांचे तुझे गाणे आले. वर नाव, ‘आजोबांचा हातोडा’. मी वाडीभर ऐकवत फिरलो. धोंडूलाही ऐकवले. तो पाय हलवत ऐकत राहिला आणि एवढेच म्हणाला, बरा वाजतो हो तुझा हातोडा, हरी.

घरी येऊन पुन्हा ऐकले तेव्हा कळले. पोरी, तो हातोडा माझा नाही. मी खिळा तीन ठोक्यांत बसवतो. गाण्यात चार आहेत. तीन जोराचे आणि शेवटचा हलका, खिळ्याला टपली मारल्यासारखा. तो धोंडूचा. चाळीस वर्षे मी त्याला त्यावरून चिडवतो आहे, धोंड्या, खिळा कधीच बसला, आता त्याची दृष्ट काढतोस काय? आणि नेमका तोच तू ठेवलास, माझे तीन कापून टाकलेस. बरोबर केलेस. बोटांवर मोजून बघितले, तालात चारच बसतात. पण धोंडूने ओळखला नसेल? स्वतःचा हात कोण विसरतो? तरी तुझा हातोडा म्हणाला. त्या रात्री मला जेवण गेले नाही.

काल राहवले नाही. सांगून टाकले, धोंडू, तो ठोका तुझा आहे, आणि वेदिकाने वर तुझेच नाव घातले आहे. आता माझे हे खोटे खरे करणे तुझ्या हातात, पोरी. त्याला वाचता येत नाही, पण रविवारी त्याची विमला माहेरी येते आहे. ती आधी नावच बघेल. त्याआधी बदल. आणि जमले तर त्या चौथ्या ठोक्यानंतर थोडी जागा सोड, फार जवळ कापला आहेस. तिथे फळी जरा घुमते. लवकर कर गो. कालपासून धोंडू आनंदाने एकेका खिळ्याला पाच ठोके घालतो आहे.

तुझाच,
आबा