शेगडीचे तीन चंद्र

बाळकुम, ठाणे
३० ऑगस्ट २०२५

ती. अण्णास हेमाचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर धड ऐकू येत नाही म्हणून लिहायला बसले. अक्षराला नावं ठेवू नकोस.

आमच्या खालच्या मजल्यावर देवयानी नावाची नवी सून आली आहे. काल तिच्याकडे गणपतीला गेले. आरास म्हणजे कागदाचा भलामोठा नारिंगी पट्ट्यांचा ग्रह आणि भोवती तीन चंद्र. मी सहज विचारलं, हा गुरू का गं? ती म्हणाली, नाही काकू, ही शेगडी. वायूचा ग्रह आहे, आणि हे तिचे चंद्र तवा, झारा नि सांडशी.

माझ्या हातातली खिरापत सांडली. घरी पहिल्यांदा गॅस आला त्या वर्षी आपल्या पंढरीने शोधलेला ग्रह तो! वायूचा ग्रह म्हणजे गॅसची शेगडीच, असं त्याचं गणित. तापट म्हणून तू तवा, सगळ्यांत लुडबुडणारा तो झारा, आणि धरलेलं सोडत नाही म्हणून मी सांडशी. हे आपल्या तिघा भावंडांशिवाय कुणाला ठाऊक? पुढे विचारायचं धाडसच झालं नाही. लोभ आहे हे लगेच उत्तर धाडून दाखव.

तुझी
हेमा

डोंबिवली
३ सप्टेंबर

चि. हेमास अ. उ. आ.

पत्र वाचता वाचता चहा गार झाला. तरी सांगतो, आशा लावून घेऊ नकोस. बाबांशी भांडून पंढरी नदीकाठच्या खोलीत राहायला गेला, पुरात ती खोली बुडाली, आणि तिथले शेजारी म्हणाले, पंढरी गेला. बारा वर्षं वाट पाहून मीच त्याचे दिवस केले. यंदाच्या पितृपक्षासाठीही भटजींना सांगून ठेवलं आहे.

लहानपणी त्याने कुणा मित्राला सांगितलं असेल. पण त्या मुलीला विचार, सांडशी उलटी का फिरते? आणि मग तिच्या वडिलांचं नाव विचार. मला भीती वाटते आहे. जपून राहा.

तुझा
अण्णा

बाळकुम
९ सप्टेंबर

ती. अण्णास सा. न. वि. वि.

रुसली म्हणून, असं ती चटकन म्हणाली. वडील पंढरीनाथ, आंबिवलीला असतात.

मग मी तिला खोदून खोदून सगळं विचारलं. अण्णा, तो आहे! त्याचे गुडघे तेवढे दुखतात. पुराच्या आधीच तो ती खोली सोडून बायकोच्या माहेरी गेला होता. पाणी ओसरल्यावर आपल्याला शोधत जुन्या चाळीत आला, तर आपण डोंबिवलीला हललेलो. कुणीतरी म्हणालं, ती माणसं गेली. पडलेली भिंत आणि चिखल बघून त्याने नको तो अर्थ घेतला. आपणही तेच केलं. रडावं की तुम्हा दोघांना झोडावं, मला कळत नाही.

आणि ऐक. सर्वपित्रीला तो आई-बाबांच्या पानांशेजारी आणखी दोन पानं वाढतो. एक तुझ्या नावाचं, एक माझ्या. देवयानीने अजून त्याला काही सांगितलेलं नाही, धक्का सोसेल की नाही म्हणून घाबरते. काय करू ते कळव.

तुझी
हेमा

डोंबिवली
१२ सप्टेंबर

चि. हेमास अ. उ. आ.

भटजींना नको म्हणून सांगून आलो. जिवंत भावाला इतकी वर्षं पिंड दिले, हे कुणाला कसं सांगू?

देवयानीला म्हणावं, तुझ्या बाबांना जवळ बसून हळूहळू सांग. पण आपली पानं रद्द करू देऊ नकोस. फक्त ती गच्चीवर ठेवायची नाहीत, पाटांसमोर मांडायची. माझ्या वरणात मीठ बेताचं. सर्वपित्रीला तू सकाळीच नीघ, आपल्याला कावळ्यांच्या आधी पोचायचं आहे.

तुझा तवा,
अण्णा